सात भाग एका चकतीवर

“डीव्हीडी? आता कोण बघतंय डीव्हीडी?” बारामतीतल्या दुकानदारानं हसून हात हलवला, आणि वैतागून पायऱ्या उतरणारी करुणा नेमकी वर येणाऱ्या माणसावर आदळली. तिच्या हातातला पेनड्राइव्ह उडाला... तो त्यानं वरच्यावर झेलला.

“आमी करतो की डीव्हीडी,” तो म्हणाला. “समोरच व्हिडिओचा स्टुडिओ हाय माझा.”

काटेवाडीचा बुद्धघोष. हसू ओठांच्या आधी डोळ्यांत यायचं त्याच्या. करुणानं पेनड्राइव्हकडे बघतच काम सांगितलं. लासुर्ण्याची तिची आत्या ताईबाई आयुष्यातल्या गमती सांगते आणि करुणा फोन धरून प्रश्न विचारते, असे सात भाग तिनं केले होते. पण फोनमधली माणसं आत्याला मुंगीएवढी दिसायची, आणि गावच्या बुद्धविहारातल्या जुन्या टीव्हीला फक्त डीव्हीडी प्लेअर होता. उद्या पौर्णिमेला तिथं बायका जमणार होत्या. ‘माझी फिल्लम लागणार हाय’ असं ताईबाईनं गावभर सांगून ठेवलेलं! नाही लागली तर बिचारीला तोंड लपवायची वेळ येणार होती.

“सातही भाग एकाच चकतीवर पायजेत,” करुणा म्हणाली. “मधी उठून चकती बदलायची न्हाय म्हणती आत्या.”

स्टुडिओत भाग कन्व्हर्ट होत होते तसा बुद्धघोष ते बघत होता. वऱ्हाडामागं म्हैस लागल्याची गोष्ट आली आणि तो खदखदून हसला. व्हिडिओत फोनमागून करुणाचंही हसू ऐकू आलं. त्यानं तेवढाच तुकडा मागं घेऊन पुन्हा लावला.

“तिथं बिघडलंय का काय?”

“न्हाय... चांगलं हाय, म्हणून.”

करुणाचे कान तापले.

जरा वेळानं त्यानं डोकं खाजवलं. “एका चकतीत मावंना. थोडं कापावं लागंल.”

“माझं हसणं काढून टाका. उगाच मधी मधी येतंय.”

त्यानं माऊसवरचा हात उचलला. “त्येवढं सोडून काय बी सांगा.”

करुणा उगाच पेनड्राइव्हच्या टोपणाशी चाळा करू लागली. मग तोच म्हणाला, “चित्राची क्वालिटी जरा कमी करतो, म्हंजे समदं बसंल. पण पुन्हा कन्व्हर्ट करायला वेळ लागतोय. उद्या मीच घेऊन येतो.”

“लासुर्ण्यापर्यंत? एका चकतीसाठी?”

“चकतीसाठी न्हाय...” तो अडखळला. “म्हंजे, चकतीसाठीच.”

दुसऱ्या दिवशी विहार गच्च भरला तरी बुद्धघोषाचा पत्ता नव्हता. करुणाचा जीव टांगणीला लागला. उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकून तो धापा टाकत पोचला, तेव्हा तिला इतका आनंद झाला की तो चकतीचा की त्याचा, हे तिचं तिलाच कळेना.

प्लेअरनं चकती आत घेतली, घरघर केली आणि बाहेर टाकली. ताईबाईचा चेहरा उतरला.

“दुसरी बी केलीय,” बुद्धघोष म्हणाला.

ही लागली. पडद्यावर मेनू आला: सात भागांची सात छोटी चित्रं. मागून एक बाई खुसकन हसली, मग दुसरी. पहिल्या चित्रात चहा पुढं करणारा करुणाचा हात. दुसऱ्यात तिची वेणी. तिसऱ्यात स्टीलच्या हंड्यात उमटलेला तिचा चेहरा... आणि शेवटच्यात, फोन हातातून निसटला तेव्हा सापडलेली, पोट धरून हसणारी अख्खी करुणा.

ताईबाईनं चष्मा लावला. “आगं, ही फिल्लम माझी हाय का हिची?”

सगळा विहार हसला. करुणाला कुठं बघावं कळेना, आणि नाचावंसंही वाटत होतं.

“चित्रं निवडताना...” बुद्धघोष मान खाली घालून पुटपुटला, “माझं लक्ष तिकडंच जात हुतं. मग बदलायला हात धजंना.”

“आधी बटन दाब,” ताईबाई म्हणाली. “तुझं मागनं बघू.”

सातही भाग ओळीनं लागले. कुणी उठलं नाही. स्वतःच्याच गमतींवर ताईबाई सगळ्यांत मोठ्यानं हसली.

बायका पांगल्यावर करुणानं आपला फोन बुद्धघोषापुढं धरला. “आठवा भाग करायचाय. कॅमेरा तुमी धराल?”

“आन तुमी?”

“मी आत्याशेजारी बसते.” तिनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. “चित्राच्या कोपऱ्यातनंच किती दिवस बघणार तुमी मला?”

त्यानं फोन घेतला. करुणा आत्याला खेटून बसली आणि त्याच्याकडं बघून हसली. फोन आपोआप तिच्याकडं वळला.

“नीट धर रं पोरा,” ताईबाई म्हणाली. “मी बी दिसाय पायजे.”