खोली नंबर चारचे बदल

सोमवार आला की गौतमीला माणसं कळायची. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळीच्या रस्त्याखाली मुलींचं वसतिगृह बांधलं जात होतं आणि त्याचं अख्खं मॉडेल कॉम्प्युटरवर सगळ्यांना खुलं होतं. पुण्याचा आर्किटेक्ट खिडकी सरकवायचा, मुंबईचा इंजिनिअर खांब जाड करायचा, वायरिंगवाला जितेश गुपचूप दोन पॉइंट कमी करायचा. आठवडाभरात कोणी काय हलवलं याची यादी सोमवारी निघायची. बदल, वेळ, करणाऱ्याचं नाव. गौतमीने एकेकाला फोन लावून "हे तुम्हीच केलंत ना?" विचारायचं आणि मगच टिक करायची; टिक म्हणजे बदल कायम. कोण पटकन कबूल होतो, कोण आधी खोकतो, हे तिला पाठ होतं.

पण साइट ऑफिसात इंटरनेटची वायर असली तरी फोनला रेंज नव्हती. त्यासाठी रस्त्याच्या वळणावर जाऊन उभं राहावं लागे. म्हणून तिने स्वतःपुरती एक सोय काढली होती. आधी सगळ्यांना टिक, मग फोन. दोन वर्षांत कुठे अडलं नव्हतं.

त्या सोमवारी सतरा बदल होते. सतराच्या सतरा टिक करून ती वळणावर गेली. सोळांचे धनी सापडले. सतरावा होता: खोली नंबर चार, डोंगराकडची भिंत, तेवीस सेंटिमीटर आत. करणाऱ्याचा रकाना कोरा.

"उभ्या भिंतीला मी कशाला हात लावू?" आर्किटेक्ट म्हणाला.

जितेश तर दुखावलाच. "मॅडम, माझ्यावर वायरचा आळ घ्या. भिंतीचा नको."

बरोबरच होतं. तळमजला मे महिन्यातच पुरा झाला होता. शाळा सुरू झाली म्हणून डोंगरावरच्या वाड्यांतल्या अकरा मुली तिथे राहायलाही आल्या होत्या. काम चालू होतं ते वरच्या मजल्याचं. चार नंबरमध्ये चौघी होत्या. त्यांतली पाचवीतली मीना ही गवंडी महिपतीची नात, आणि ती भिंतही महिपतीनेच बांधलेली. कॉम्प्युटरची चूक, एवढं लिहून टाकावं म्हणून गौतमी टेप घेऊन गेली.

खोली तेवीस सेंटिमीटर कमी भरली.

तिने तीनदा मोजलं. गिलावा कोरडा, कुठे तडा नाही. मुलींनी चिकटवलेलं शाळेचं वेळापत्रक जागच्या जागी. मीना खाटेवर पाय हलवत बसली होती.

"मॅडम, सारखी मोजली की भिंत वाढते काय?"

गौतमीला हसू आलं नाही. तिने महिपतीला हाक मारली. म्हाताऱ्याचा टेपवर विश्वास नव्हता. पहिला थर मांडला की खोलीच्या आतल्या मापाचा बांबू तोडायचा आणि छप्पर चढेस्तोवर जपायचा, ही त्याची रीत. तो बांबू घेऊन आला. एक टोक दाराकडच्या भिंतीला टेकवलं; दुसरं खाली बसेना. वीतभर जास्त होतं. त्याने बांबू तिरका करून पाहिला, मग हळूच जमिनीवर ठेवला.

"भिंत माझ्याच हातची हाय. थापी वळखतो मी. पन मॅडम, ही मी हितं नाय बांधली."

दोघं बाहेरून मागे गेले. भिंत आत सरकली तर मागे फट हवी होती; पण डोंगर भिंतीला लागून होता. माती उकरलेली नाही, गवताचं पातं मोडलेलं नाही. वर्षानुवर्षं असाच टेकून बसल्यासारखा. चार दिवस पावसाची झड होती. महिपतीने चिखलावर तळवा ठेवला आणि झटकन काढला.

"काय झालं, काका?"

"कोमट हाय." मग खाली बघत तो म्हणाला, "नातीला मी घरी नेतो."

वसतिगृह सांभाळणाऱ्या राहीबाईने मागूनच ऐकलं. "न्या! एकदा घरी गेलेली पोर परत धाडलीय का तुमच्या वाडीनं? डायरेक्ट लग्नाची पत्रिका येते."

"घरी नको," गौतमी म्हणाली. "चौघींना आजच जेवणघरात हलवू. मी तो बदल रद्द करून येते."

महिपती मान हलवून मजुरांच्या शेडकडे गेला.

ऑफिसात तिने टिक काढायचा प्रयत्न केला. निघेना. यादीत एक नवी ओळ आली होती.

खोली नंबर चार: खाटा चारऐवजी तीन.

रकाना कोरा.

या वेळी तिने टिक केली नाही. माउसवरचा हातच काढून घेतला आणि ती धावत सुटली.

चार खाटा होत्या. चार मुली होत्या. तिने बोट लावून मोजल्या.

"चला. आत्ता. वळकट्या उचला."

मुलींना मजाच वाटली. राहीबाई पुटपुटत पुढे, मुली मागे. सगळ्यांत शेवटी मीना, डोक्यावर वळकटी घेऊन. गौतमी जेवणघराच्या पायरीवर टेकली. कधी नव्हे ती तिथे रेंज आली. महाडच्या ऑफिसातून तिच्या साहेबांचा, हर्षद सरांचा फोन.

"गौतमी, आज यादी बंद करायची होती ना? तुमची एक टिक राहिली होती. मी मारून टाकली."

"कधी?"

"हे काय, आत्ताच. थँक्यू म्हणा की."

ती वळली.

जेवणघरात तीन मुली वळकट्या सोडत होत्या.

"मीना कुठे?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.

"कोन मीना?" राहीबाई म्हणाली. "चार नंबरला पयल्यापासनं तिघीच हायत."

गौतमी खोलीकडे धावली. तीन खाटा, सारख्या अंतरावर. फरशीवर ओढल्याची खूण नाही.

दारात महिपती उभा होता. हातात फडक्यात बांधलेला डबा.

"काका, मीना..."

त्याने विचारात पडल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. मग ओशाळून हसला.

"मॅडम, शेडवरनं हा डबा घेऊन निघालो खरा. कोनाला द्याचा होता, तुमाला काय बोललो होतो काय?"

तिने डबा घेतला. गरम होता. आत नाचणीची भाकरी होती, लहान मुलीसाठी करतात तशी घास घास मोडून ठेवलेली.