वाढलंय

मराठीतील ‘वाढणे’ हे क्रियापद जपून हाताळावे. पीक वाढते, लेकरू वाढते. पानात अन्न वाढले जाते. आणि बांगडी फुटली तर ‘फुटली’ असे न म्हणता ‘वाढली’ म्हणतात, कारण अशुभाचा उच्चारही घरात नको. भरभराट, माया आणि विनाश एकाच शब्दात नांदतात. त्यांतला कोणता अर्थ उंबरा ओलांडून आत आला, हे ऐकणाऱ्याला दर वेळी कळतेच असे नाही. आष्ट्याच्या पद्मावतीला ते कळले नाही.

त्या दिवशी सकाळपासून तिच्या यजमानांच्या, भरतेशांच्या छातीवर दडपण आले होते. मिरजेच्या एका इस्पितळात पहिली रक्ततपासणी निर्दोष निघाली. डॉक्टर प्रियदर्शनी मात्र निश्चिंत नव्हत्या.

“काका, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. पण ते वाढायला काही तास लागतात. आता दुसऱ्यांदा रक्त घेतलंय. निकाल येईपर्यंत इथंच थांबा.”

भरतेश चौविहार पाळणारे. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही वर्ज्य. “दिस बुडायच्या आत घरी जेवतो. काय आसंल ते फोनवर सांगा,” म्हणत ते उठलेच.

“आवं, एक दिस ऱ्हावा की उपाशी,” पद्मावतीने विनवले.

“तुझ्या हातचं दोडकं सोडून? त्यापरीस उपास तूच कर!” ते हसले. त्या हसण्यापुढे ती जन्मभर हरत आली होती.

घरी पोहोचले तेव्हा उन्हे कलली होती. भरतेश सोप्यात पाटावर बसले. आत पद्मावतीने भाकरी तव्यावर टाकली, आणि आळीतले सगळे आवाज एकाएकी ओसरल्यासारखे झाले. भाकरीचा वास तेवढा दरवळत राहिला. तिचा फोन वाजला. पडद्यावर ‘सन्मतीचे पप्पा’. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून लेकीच्या नावाने नोंदवलेले.

“पद्मा... वाढलंय...”

आवाज त्यांचाच, पण खोल विहिरीतून यावा तसा. त्यापुढचा ‘का’ तिने मनानेच जोडला. सोप्यात बसून फोन करायचा, ही नवी थट्टा!

“व्हय, आणतेच की,” ती म्हणाली आणि ताट घेऊन बाहेर आली. “फोन कशाला करायचा वो? हाक मारायची.”

“मी? माझा फोन गाडीतच ऱ्हायलाय.” पहिला घास त्यांनी हातातच धरला. “काय म्हणलो मी?”

“वाढलंय म्हणलासा.”

त्यांनी घास हळूच ताटात ठेवला.

“पद्मा... जरा पाणी...”

सूर्य अजून मावळला नव्हता. तिने ओठांना लावलेले पाणी मात्र तसेच ओघळून सदऱ्यावर आले.

फोन पुन्हा वाजला तेव्हा त्यांचे मस्तक तिच्या मांडीवर होते.

“काकू, निकाल आत्ताच हाती आला. ट्रोपोनिन खूप वाढलंय. काकांना लगेच घेऊन या... काकू? ऐकताय ना?”

ही हकिकत आता पंचक्रोशीत सांगितली जाते, आणि चुकीची सांगितली जाते. इस्पितळाचा फोन वेळेवर आला होता, पण बाईने ‘वाढलंय’ म्हणजे जेवण असे समजून नवरा गमावला, असे लोक म्हणतात. ते खरे नव्हे. इस्पितळाचा फोन एकदाच आला, आणि तोही नंतर. आधीच्या फोनबद्दल जे सांगायला हवे, ते कोणीच सांगत नाही. त्या खोल आवाजामागे एक बाई हुंदके देत होती. पद्मावतीला तेव्हा शेजारची मालिका लागली असावी, असे वाटले. तो हुंदका कोणाचा, हे तिने ओळखले, पण तो तिच्या स्वतःच्या कंठातून फुटला तेव्हा.