बर्थाच्या सुरीची मूठ

भुईगावच्या गल्लीच्या टोकाला ऑगस्टीनची कामाची खोली. सुऱ्या-कोयत्यांना लाकडी मूठ बसवायची, तिच्यावर सुती दोरा आवळून गुंडाळायचा आणि वरून घट्ट होणाऱ्या रेझिनचा लेप चढवायचा, हे त्याचं तीस वर्षांचं काम. त्या दुपारी शेवटची मूठ राहिली होती. संध्याकाळी मुलगी एलिना त्याला विरारच्या फ्लॅटवर नेणार होती, कायमचं.

मूठ होती त्याच्या बायकोच्या, बर्थाच्या सुरीची. दोन वर्षं ती मागे लागली होती. "गावभरच्या सुऱ्या झाल्या, माझ्या सुरीचा नंबर कधी? मी मेल्यावर?" म्हणून हसायची, आणि मोडक्या मुठीला फडकं बांधून कांदे चिरायची. फेब्रुवारीत ती गेली. सुरी फडक्यासकट तशीच राहिली.

दोरा ताणून धरायला दुसरं माणूस लागतं. खोली अरुंद, म्हणून बर्था खिडकीच्या गजांमधून दोरा घेऊन अंगणात चिकूच्या झाडापर्यंत मागे जायची. ऑगस्टीन बाकावर बसून मूठ फिरवायचा. दोरा संपत येई तशी ती एकेक पाऊल पुढे सरकायची. शेवटच्या वेढ्याला अगदी खिडकीशी. उरलेला दोरा डाव्या तळहातावर गुंडाळून ठेवायची. ती गेल्यापासून तो दोरा चिकूला बांधून अंगणातच एकटा काम करायचा.

आज मात्र जुन्या सवयीने तो बाकावर बसला. ऊन अडवायला खिडकीवर गोणपाट लावलेलं. त्याच्याखालून त्याने दोरा बाहेर सोडला आणि गुंडाळू लागला. चार वेढे झाल्यावर जाणवलं, दोरा ताठ आहे. एलिनाने धरला असेल.

"ढील देऊ नकोस गं."

"काय पप्पा?" एलिना मागच्या दारात उभी होती, हातात चहाचे कप. "कोणाशी बोलतोस?"

त्याचा हात थांबला. दोरा ताठच होता.

"कोणाशी नाही... तू बॅग भर."

ती गेली. गोणपाट उचलून बघता आलं असतं. त्याने मूठ फिरवली. बाहेर वाळक्या पानांवर एक पाऊल पडलं. पुन्हा फिरवली. आणखी एक. कांद्याचा वास येऊ लागला, आणि ओल्या फडक्याचा.

"उशीर केला मी, बर्था..."

शेवटचा वेढा बसला तेव्हा गोणपाट आतल्या बाजूला किंचित फुगलं होतं, कोणी कपाळ टेकवावं तसं. त्याने वर पाहिलं नाही. करवंटीत कालवलेलं रेझिन ब्रशने मुठीवर चढवलं, खाली ओघळलेलं बाहेर जाणाऱ्या दोऱ्यालाही लागलं. मग त्याने डोळे मिटून दोरा कापला.

बाहेरचं टोक खाली पडलं नाही. सावकाश सरकत गजांतून निघून गेलं.

त्याने गोणपाट उचललं. अंगण रिकामं होतं.

तासाभरात करवंटीतलं रेझिन दगड झालं. मुठीवरचंही सुकून काचेसारखं चमकू लागलं. एलिनाने बॅगेची चेन लावली, त्याने खोलीला कुलूप घातलं.

विरारला, पाचव्या मजल्यावर, तिने बॅग उघडली.

"पप्पा, दोरा कशाला आणलास?"

त्याच्या शर्टांवर दोऱ्याची गुंडाळी होती, बाईच्या तळहाताएवढी. ऑगस्टीनने सुट्या टोकाला बोट लावलं.

रेझिन अजून ओलं होतं.