कोनशिलेवरचं साल

रविवारी सव्वादहाला फोन वाजला, तेव्हा यशोधरा उल्हासनगरच्या आपल्या कारखान्यात एका नावपाटीवर छिन्नी धरून बसली होती.

"यशोताई, हिमानी बोलतेय. भूषणदादा तुमच्याकडं आलेत का?"

"नाही. तो तुमच्याबरोबर आहे ना?"

"सातनंतर कुणी पाहिलंच नाही त्यांना. फोन लागत नाही. बाइक चर्चच्या मागच्या फाटकाशीच उभी आहे."

यशोधराने छिन्नी खाली ठेवली. बुद्धभूषण तिचा धाकटा भाऊ, सरकारी मोजणीदार. जीपीएसच्या आकड्यांवरून कुणीतरी लपवलेली डबी शोधायची, हा त्याचा रविवारचा नाद. सोबत शाळेत शिकवणारी हिमानी आणि खाजगीत जमिनीचे नकाशे काढणारा सुयोग. आजचं कोडं सुयोगचं होतं.

ती पोचली तेव्हा जांभूळच्या रस्त्यालगतचं ते जुनं चर्च सामसूम झालं होतं. मागे दफनभूमी, तिच्यापलीकडे दाट झुडूप. एक कावळा ओरडत होता, तोही थांबला. फाटकापाशी उपनिरीक्षक माया जाधव दोघांना प्रश्न विचारत होत्या.

"तुम्ही तिघं एकत्र का नव्हता?" यशोधराने विचारलं.

"खेळच तसा आहे, ताई," सुयोग म्हणाला. "अर्ध्या अर्ध्या तासाने एकेकाने सुरुवात करायची. भूषण सातला, मी साडेसातला, हिमानी आठला."

"पण कोडं तर तूच रचलंस. मग तू कशाला शोधायला गेलास?"

"डबी जागेवर आहे का, ते चेक करायला गेलो होतो."

"आणि कोडं काय?"

हिमानीने मागच्या भिंतीतली कोनशिला दाखवली. तिच्यावर इंग्रजी आकड्यांत चर्चच्या बांधकामाचं साल कोरलं होतं. सालाचा शेवटचा आकडा जीपीएसच्या आकड्यांतल्या गाळलेल्या जागी भरायचा, की डबीची जागा मिळते.

"शेवटचा आकडा तीन. मी तोच भरला, डबी लगेच मिळाली. डबीतल्या वहीत सुयोगची सही होती, दादांची नव्हती."

"भूषणने काही कळवलं होतं?"

हिमानीने फोन पुढे केला. सात वाजून दहा मिनिटांचा मेसेज होता: *आठ भरला. निघालो.*

"चष्मा विसरला असेल," सुयोग म्हणाला. "गलती से आठ वाचलं."

वीस वर्षं आकडे वाचून पोट भरणारा माणूस तिनाला आठ वाचेल? ती कोनशिलेपुढे गुडघे टेकून बसली. दगडावर वर्षानुवर्षांची काजळी आणि शेवाळ होतं. फक्त त्या तिनाच्या डावीकडे दोन अर्धगोल स्वच्छ होते. तिने नाक जवळ नेलं. थिनरचा वास. रंग पुसायचं ते थिनर ती कारखान्यात रोज हाताळायची.

"हिमानी, तिनाऐवजी आठ भरला तर जागा किती सरकते?"

"एका आकड्याला अठराएक मीटर. म्हणजे उत्तरेला नव्वद."

"तिकडं काही नाही हो," सुयोग घाईने म्हणाला. "नुसतं झुडूप."

यशोधरा तोवर चालू लागली होती. नव्वद मीटरवर सागाच्या फांद्यांचा ढीग पडला होता. फांद्या ताज्या तोडलेल्या, काप अजून ओले. तिने आणि मायांनी त्या ओढून काढल्या. खाली कुजकी फळकुटं मोडून पडली होती, आणि त्यांच्यामध्ये विहिरीचं काळं तोंड.

"भूषण!"

बऱ्याच वेळाने खालून कण्हल्यासारखा आवाज आला.

अग्निशमन दलाने त्याला वर काढलं तेव्हा एक वाजला होता. पाय मोडला होता, शुद्ध येत-जात होती. रुग्णवाहिका गेली, आणि माया यशोधराकडे वळल्या.

"आता सांगा."

"सात वाजता त्या शिलेवर आठ होता, आठ वाजता तीन. कोरलेला आकडा बदलत नाही, मॅडम. पण इंग्रजी तिनाला डावीकडून काळ्या रंगाच्या दोन कमानी जोडल्या की लांबून आठ दिसतो. नंतर त्या कुणीतरी थिनरने पुसल्या."

"सकाळी इथं प्रार्थनेला माणसं होती."

"सगळी आत. सात ते साडेआठ प्रार्थना, आणि शिला मागच्या बाजूला. सात आणि आठच्या मधे तिच्यापुढे एकच माणूस उभा होता."

यशोधराने सुयोगकडे पाहिलं.

"पण का?" हिमानीने विचारलं.

"ही विहीर चर्चच्या हद्दीत आहे. शेजारचा प्लॉट वाढवून दाखवायला सुयोगने ती नकाशातून काढून टाकली. भूषणला ती जुन्या सरकारी नकाशात सापडली, जागा मात्र त्याने अजून पाहिली नव्हती. परवाच घरी म्हणाला, सोमवारी अहवाल देतो, मित्र आहे पण इलाज नाही. आता सुयोग म्हणतो, तिकडं नुसतं झुडूप. हद्दीचा नकाशा काढणाऱ्याला विहीर माहीत नसते?"

"मी आकडा पुसला," सुयोग हळूच म्हणाला. "हिमानी यायची होती. तिला काही व्हायला नको होतं, ताई. कसम से."

"म्हणजे भूषण पडलाय हे पुसायच्या आधी तू इथं येऊन पाहिलंस. फांद्याही तूच टाकल्यास." यशोधराचा आवाज चढला नाही. "तेव्हा तो शुद्धीवर होता?"

"हाका मारत होता," सुयोग म्हणाला. "माझंच नाव घेऊन."