डाव्या गालाची ऊब

दुपारभर भाचा त्या रिकाम्या नाट्यगृहात एकटाच राबत होता. काम तसं साधंच. जुने दिवे भंगारात गेले होते आणि नवे एलईडी दिवे चालवण्याच्या जुन्याच बोर्डाला जोडायचे होते. व्यवस्थापनाने हौसेने दिवे घेतले आणि बोर्ड घ्यायचा विसरले. हौसेचं असंच असतं. आधी त्याने नवे दिवे उजेड कमीजास्त करणाऱ्या जुन्या डिमरवर लावून पाहिले, तर ते हुडहुडी भरल्यासारखे थरथरायला लागले. मग त्याने दिव्यांना वीज थेट दिली आणि बोर्डाचा हुकूम त्यांना कळावा म्हणून मध्ये एक छोटा डबा बसवला. आता बोर्डावरची मूठ वर सरकवली की उजेड वाढत होता, खाली आणली की गुपचूप विझत होता. भाचा स्वतःवरच खूश झाला.

तेवढ्यात तालमीला त्याची आत्या आली. आत्या म्हणजे नाटकातली मुख्य नटी. वय झालं होतं, पण आवाज असा की शेवटच्या रांगेत पेंगणाराही ताठ बसावा. शेवटच्या प्रवेशात ती मागून चालत रंगमंचाच्या अगदी कडेशी येते आणि डावीकडच्या दिव्यात उभी राहते. त्या दुपारी ती थांबलीच नाही. एक पाय कडेबाहेर गेला. भाच्याने धावत जाऊन दंड धरला म्हणून निभावलं.

"संध्याकाळी प्रयोगात असं झालं," दिग्दर्शक खालून म्हणाला, "तर उद्यापासून दुसरी बाई."

मेकअपच्या खोलीत आत्याने दार लावून घेतलं.

"मला दिसत नाही रे," ती हळूच म्हणाली. "बरीच वर्षं झाली. नुसतं पांढरं धुकं."

"मग इतके दिवस...?"

"ऊब लागायची. मास्तरचा दिवा लागला की डावा गाल तापायचा. तिथं थांबायचं. तुझे हे दिवे थंडगार आहेत."

नवे दिवे तापत नाहीत, हेच तर भाचा सकाळी ज्याला त्याला मिरवून सांगत होता.

बोर्ड चालवणारे मास्तर गेल्याच वर्षी वारले होते. तेव्हापासून तो भाचाच चालवत होता. तरुणपणी एकदा त्यांनी आत्याला भर प्रवेशात अंधारात ठेवलं, तिने सगळ्यांदेखत त्यांची खरडपट्टी काढली, आणि तेव्हापासून दोघांचा कायमचा अबोला. मास्तर सूड म्हणून तिचा दिवा मुद्दाम किंचित उशिराने लावायचे. पण चुकवला कधीच नाही.

"कडेला खाली दोरी बांधू का? पायाला कळेल," भाचा म्हणाला.

"चाचपडणारे पाय लोकांना लगेच कळतात. मी चालणार. पुढचं तू बघ."

संध्याकाळी नाट्यगृह भरलं. शेवटचा प्रवेश आला. आत्या कडेशी आली की आपण जोरात खोकायचं, असं भाच्याने ठरवलं होतं. ऐन वेळी घसाच कोरडा पडला. त्याने डावीकडच्या दिव्याची मूठ वर ढकलली. मूठ हलेना. वरून कुणीतरी तळहात दाबून धरावा, तशी ती घट्ट बसली होती. आणि मग वास आला... तापलेल्या धुळीचा, जुन्या दिव्यांचा वास.

आत्या चालत होती. कड जवळ आली.

"आत्या... थांब..." त्याचे ओठ नुसतेच हलले.

मूठ त्याच्या बोटांखालून आपोआप सरकली. किंचित उशिराने.

दिवा लागला. आत्या थांबली. पावलं बरोबर कडेला टेकली होती. तिने डावा गाल उजेडाकडे वळवला, एक लांब श्वास घेतला आणि असं काही बोलायला लागली की भाच्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पडदा पडला तरी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पडदा पुन्हा वर घ्यावा लागला, आणि पुन्हा एकदा. भाच्याला रडू फुटलं आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

दिग्दर्शक धावतच मेकअपच्या खोलीत गेला. "बाई, हवी तितकी वर्षं करा हे काम!"

"करणारच आहे," आत्या म्हणाली.

तो गेल्यावर भाच्याने नीट पाहिलं. तिच्या डाव्या गालावरचा रंग वितळून हनुवटीपर्यंत ओघळला होता.

"आजही उशीरच," ती पुटपुटली. "सांग त्याला, उद्या वेळेवर."

"कुणाला?"

ती ओघळलेला रंग पुसायला लागली.

भाचा परत रंगमंचावर गेला. शिडीवर चढून त्याने डावीकडच्या दिव्याला हात लावला. दिवा गार होता. खाली उतरून त्याने मेन स्विच बंद केला. मिट्ट काळोख झाला. आपल्यालाच हसू येईल अशा आवाजात तो म्हणाला, "मास्तर... आत्या म्हणते, उद्या वेळेवर."

कुठेच उजेड नव्हता. पण त्याचा डावा गाल तापला. मग ती ऊब सावकाश त्याच्या तोंडावरून उजव्या गालाकडे गेली, समोरून कुणी चालत जावं तशी, आणि बोळातून मेकअपच्या खोलीकडे निघून गेली.

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"आलास होय?" आत्याचा आवाज आला. "इतक्या वर्षांनी...? बस. पण जरा लांब बस रे, भाजतंय."