न विचारता दिलेला डबा

"गाडीसाठी इंजिन ऑइल द्या," एवढंच म्हटलं होतं मी. एवढंच! महाडच्या स्टँडजवळचं ते स्पेअर पार्टचं दुकान, घाईत शिरलेली मी, आणि काउंटरमागे तो... त्यानं मान वर करून पाहिलं. आधी माझ्या ओढणीकडे, मग खांद्यावरच्या पर्सकडे. फळीवरून एक डबा काढला आणि समोर ठेवला. हसला. गालाला खळी पडली. सांगायला लाज वाटते, पण डबा वाचायचा सोडून मी ती खळी बघत राहिले. वर चार स्ट्रोकच्या इंजिनाचं 'फोर टी' दिसलं, बास झालं.

मी गौतमी. पोलादपूरला गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. माझी शंभर सीसीची मोटरसायकल आहे आणि तिचं ऑइल मी स्वतः बदलते. त्या रविवारीही अंगणात बसून जुनं काढलं, नवं ओतलं.

बुधवारी आंबेनळी घाटाच्या वरच्या वाडीत लाळ-खुरकताची लस टोचायची होती. मागे बर्फाची पेटी बांधून निघाले. तिसऱ्या वळणावर गाडीनं मान टाकली. मी रेस पिळतेय, इंजिन बोंबलतंय, आणि गाडी रांगतेय! क्लच साफ घसरत होता. बर्फ वितळायच्या आत लस फ्रीजमध्ये परत जायला हवी, म्हणून तशीच माघारी उतरले. वर लोकांनी माझ्यासाठी गुरं चरायला न सोडता बांधून ठेवली होती.

दवाखान्यात डॉक्टरसाहेब म्हणाले, "मी आधीच सांगत होतो, डोंगरातल्या वाड्या बाईमाणसाचं काम नाही. शनिवारी जमलं तर बघा, नाहीतर त्या किशोरकडे देतो."

किशोरकडे! दवाखान्याच्या चार पायऱ्या चढून ज्याला धाप लागते, त्याच्याकडे! त्या वाड्या मी भांडून मिळवल्या होत्या.

सपाटीवर गाडी कशीबशी चालत होती. नवं घातलं होतं ते फक्त ऑइल. तशीच महाडला नेली आणि रिकामा डबा त्याच्या काउंटरवर आदळला.

"हे काय दिलंत मला?"

त्यानं डबा उचलून पाहिला. "स्कूटरचं ऑइल. का हो मॅडम?"

"माझी मोटरसायकल आहे!"

"तुमची...?"

"नाही, शेजाऱ्यांची पळवून आणली! बाई दिसली की स्कूटर? कुठली गाडी एवढं विचारायला तोंडाला कुलूप लावलं होतं का?"

बाजूचं एक गिऱ्हाईक हसलं. "ताई, घरातल्या कुणाला तरी पाठवायचं ना... ह्यातलं बायकांना कळत नाय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दुकानदारच त्याच्याकडे वळला. "दादा, त्यांना कळतं. चूक माझी आहे. तुम्ही जरा थांबा."

त्याचं नाव सुशांत. दुकानामागेच त्याचं गॅरेज होतं. इंजिन उघडून त्यानं क्लचच्या प्लेटा काढल्या. म्हणाला, "मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. स्कूटरचा वेगळा, कोरडा. म्हणून स्कूटरचं ऑइल जास्त निसरडं केलेलं चालतं. ते ह्यात घातलं की प्लेटा एकमेकींना धरतच नाहीत. डब्यावर एमए पाहायचं. तुम्हाला दिलेलं एमबी. आणि ग्रेड टेन डब्ल्यू—"

"थर्टी. माहीत आहे!"

ग्रेड खरंच माहीत होती. एमए-एमबीचं माहीत नव्हतं, पण ते त्याला कशाला सांगू? त्यानं प्लेटा धुतल्या, आतलं सगळं काढून नवं ऑइल भरलं. मी डोक्यावर उभीच.

"एवढं वाकून बघताय... विश्वास नाही?"

"डोळ्यांत तेल घालून बघतेय."

"आमच्या दुकानातलं घालू नका म्हणजे झालं."

हसू आलं मला. आलेलं हसू दाबताना आणखीच राग आला.

घाटातली फजिती नि शनिवारची वाडी, सगळं बोलता बोलता त्याला सांगून झालं होतं. "शनिवारी मी सोडतो तुम्हाला वर," तो म्हणाला, "माझ्या गाडीवर—"

"परत तेच! गाडी मी चालवते, किती वेळा सांगू?"

"मग... मी मागे बसतो. पेटी धरीन. बंद पडली तर ढकलीन."

शनिवारी तो खरंच आला. मांडीवर बर्फाची पेटी घेऊन मुकाट मागे बसला. टपरीवरची माणसं माना वळवून बघत होती. बघेनात का! घाटात गाडी झकास ओढत होती.

"गप्प का?" मी विचारलं. "घाबरलात गाडीला?"

"गाडीला नाही..."

"मग?"

"तुम्हाला. थोडा."

वाडीत पाय ठेवताच गोदूबाईनं झाडलं. "बुधवारी दिवसभर गुरां बांधून ठेवली, नि तू आलीस नाय!" मी माफी मागितली आणि कामाला लागले. सुशांत एकेका गुराला दाव्यानं धरायचा, मी टोचायचे. म्हातारे येसाजीबाबा पुढे आले आणि अर्थातच त्यालाच विचारू लागले, "सायेब, सुई टोचल्यावर दूध कमी होतंय काय?"

"मी साहेब नाही बाबा, मी पेटी धरायला आलोय," तो म्हणाला. "साहेब त्या. त्यांना विचारा."

चार वर्षं नोकरी करतेय मी. हे कुणीच म्हटलं नव्हतं. मी सुई भरता भरता बाबांकडे वळले.

"दोन-तीन दिवस कमी होईल बाबा, मग येईल पहिल्यासारखं," मी म्हटलं.

गोदूबाई माझ्याकडे निरखून बघत होती. "हा कोण गो तुजा?"

सुशांतनं माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्यावर सोडलं.

"अजून कोणी नाय," मी म्हटलं. "पण मला आवडतो. त्याचं त्याला विचार."

"आवडता!" तो एवढ्यांदा ओरडला की हातातली गाय बुजली. "काउंटरवर डबा आदळलात ना, तेव्हापासून!"

"मग तीन दिवस मूग गिळून बसला होतात?"

"तुम्ही नाही म्हणालात तर, म्हणून..."

एवढ्यात गाय हिसडा देऊन सुटली आणि थेट नाचणीच्या शेतात घुसली.

"सोडलीत ना! अहो, आधी तिला धरा!"

तो धावला. हसतच धावला, वेडा कुठला! अजून तीस गुरं टोचायची बाकी होती.