रंग येण्याआधी

सावेडीतल्या आपल्या घरात, पुढच्या खोलीत, शामकांत सरांनी काचेच्या चार टाक्या मांडल्या होत्या. निवृत्तीनंतर त्यांना सिक्लिड माशांचा नाद लागला होता. शनिवारी दुपारी आसपासची मुलं मासे बघायला येत आणि सर त्यांना शिकवत. नियम एकच: आधी बघायचं, मग चित्र काढायचं, बोलायचं सगळ्यात शेवटी.

या माशांची आई पिल्लं तोंडात वाढवते. त्या आठवड्यात एक पिवळी आणि एक निळी, अशा दोन माद्यांची तोंडं भरली होती. सर त्यांच्या तोंडातून पिल्लं बाहेर काढत असतानाच वीज गेली, हवेचा पंप थांबला, आणि घाईत त्यांनी दोघींची पिल्लं एकाच बादलीत सोडली. जिऱ्याएवढी, राखाडी, सगळी सारखी. रंग यायला दोन महिने लागणार होते. तोवर निळ्या जातीची पिल्लं पिवळ्यांच्या शेपट्या कुरतडून त्यांना संपवणार, हे सरांना ठाऊक होतं. आणि या पिवळ्या पिल्लांसाठी ते तीन वर्षं थांबले होते.

"मी निवडू?" सृष्टीनं विचारलं. नऊ वर्षांची पोर. आईवडील पाथर्डीहून ऊसतोडीला गेलेले, म्हणून ती शेजारी मावशीकडे राहायची.

"कशी निवडशील, बाळा? मलाच ओळखू येत नाहीत."

"मग चष्मा पुसा की, सर!"

मुलं खिदळली. सरांची नात मनवा तेवढी हसली नाही. ती कोपऱ्यात शहाण्यासारखी चित्र रंगवत होती.

चार दुपारी सृष्टी नुसती बादलीपाशी बसून राहिली. पाचव्या दिवशी तिनं चमच्यानं एकेक पिल्लू उचललं आणि पिवळ्यांची एक, निळ्यांची एक अशा दोन टाक्यांत सोडलं. हात एकदाही अडखळला नाही. चाळीस वर्षांच्या शिकवण्यात सरांनी अशी नजर पाहिली नव्हती.

फक्त सगळ्यात बारकं पिल्लू, बुजरं, सारखं दगडाआड जाणारं, तेही तिनं निळ्यांत टाकलं. इथं पोर चुकली, असं सरांना वाटलं. ती गेल्यावर त्यांनी ते हळूच पिवळ्यांत सोडलं.

दुसऱ्या दिवशी पिवळ्यांच्या टाकीत दोन पिल्लं तळाशी पडली होती. शेपट्या नसलेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी तीन. बारकं पिल्लू दगडाआड स्वस्थ होतं.

सृष्टीनं आल्या आल्या टाकीत पाहिलं.

"सर, तुमी हलवलं व्हय?"

सरांनी मान खाली घातली. "अगं, किती गरीब वाटतं ते."

"गरीब न्हाई. वाट बघतंय." तिनं चमचा मागून घेतला आणि ते परत निळ्यांत नेऊन सोडलं.

दोन महिन्यांनी रंग आले. एका टाकीत हळदीसारखा पिवळाधमक, दुसरीत निळा. एकही पिल्लू चुकीच्या टाकीत नव्हतं. बारकं तर सगळ्यांत गडद निळं निघालं. सरांनी सगळ्या मुलांदेखत सृष्टीला हात जोडले.

"आजपासून तू गुरू, मी शिष्य."

ती लाजली नाही. ती मुलांकडे बघत होती. टाकीकडे बघायची तशी.

पुढच्या शनिवारी ती सगळ्यांच्या आधी आली. तिनं दोन सतरंज्या अंथरल्या, एक लांबलचक आणि एक छोटी, दाराजवळ. येईल त्या मुलाला खांद्याला धरून तिनं लांब सतरंजीवर बसवलं. सर कौतुकानं बघत होते.

"आज आमची निवड का, गुरुजी?"

सृष्टी दाराकडे बघत होती.

मनवा आली. सृष्टीनं तिचा हात धरला आणि तिला छोट्या सतरंजीवर बसवलं. एकटीला.

सर हसायला गेले. हसू आलं नाही.

"सृष्टी, ती माझी नात आहे. मुंगीलाही दुखवत नाही ती."

"हलवू नका, सर," सृष्टी हळू आवाजात म्हणाली. "रंग आल्यावर उशीर हुतो."

नातीला उचलायला पुढे गेलेला सरांचा हात तसाच राहिला.

मनवा रुसली नाही. का, असंही तिनं विचारलं नाही. मांडीवर वही ठेवून ती समोरच्या मुलांकडे बघू लागली. एकेकाकडे, सावकाश.